कोपरा राखणारा गडी



पावसाळा सरला, क्रीडांगणावरील तांबडा चिखल वाळला आणि शाळेच्या कबड्डी संघाची निवड सुरू झाली, त्या दिवसांतील ही गोष्ट आहे. नववीतील एक दणकट बांध्याचा मुलगा माझ्याकडे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, मला चढाईला घ्या. कोपऱ्यात नको." मी कारण विचारले. तो आधी बोलेना. मग हळूच म्हणाला, "कोपऱ्यातल्याचे नाव कोण घेतो?"

त्याच्या तक्रारीत तथ्य होते. आपल्याकडील जत्रेतले सामने आठवून पाहा. चढाईपटू दोन गडी मारून परतला म्हणजे टाळ्यांचा कडकडाट होतो, त्याच्या नावाचा पुकारा होतो, लहान मुले त्याच्यामागून धावतात. ज्याने शत्रूचा पाय धरून ठेवला तो अंगावरची माती झाडीत पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहतो. त्या मुलाला मी त्या दिवशी जे थोडके सांगितले, तेच आज सविस्तर लिहीत आहे.

प्रथम कोपरा म्हणजे काय ते पाहू. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात. प्रत्येक भाग साडेसहा मीटरांचा. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरांवर निदानरेषा आणि तिच्यामागे एक मीटरावर बोनसरेषा. चढाईपटूला दम घेऊन ३० सेकंदांत आपले काम उरकून परतावे लागते. त्याला अडविण्यासाठी सात गडी उभे असतात. दोन्ही टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूस 'इन', मग 'कव्हर' आणि मधोमध 'सेंटर' अशी ही साखळी रचतात.

चढाईपटू आत शिरला म्हणजे ही साखळी अर्धवर्तुळाकार होते आणि तिची दोन टोके सर्वांत मागे राहतात. तीच कोपऱ्यांची जागा. बोनसरेषेवर पाय टाकावयाचा तर चढाईपटूला कोपऱ्याच्या हाताच्या टप्प्यात यावेच लागते. त्या क्षणी खाली झेप घेऊन त्याचा घोटा धरावयाचा, ही कोपऱ्याची मुख्य विद्या होय. ऐकावयास सोपी वाटते. परंतु घोटा धरल्यावर चढाईपटू स्वस्थ थोडाच बसतो? तो मध्यरेषेकडे सर्व बळाने अंग टाकतो. त्याचे बोट जरी रेषेला लागले तरी ज्याने त्याला धरले तो बाद. जे मदतीला धावले व ज्यांचा स्पर्श झाला तेही बाद. म्हणजे पाव सेकंद आधी झेपावले तर चढाईपटू पाय मागे घेऊन पाठीवर थाप मारून जातो, आणि पाव सेकंद उशीर झाला तर तीन गडी घेऊन जातो. चढाईपटूची चूक त्याला एकट्याला भोवते. कोपऱ्याची चूक साऱ्या साखळीला भोवते.

म्हणून चांगल्या कोपऱ्याचे पहिले लक्षण बळ नव्हे, धीर होय. पंचवीस सेकंद काही न करता उभे राहणे, समोरच्याच्या खांद्याकडे व हातवाऱ्यांकडे न पाहता कमरेकडे व पायांकडे पाहणे, आणि तो हूल देत आहे की खरोखर पाय टाकीत आहे हे ओळखणे, हे त्याचे काम. आणखी एक गोष्ट प्रेक्षकांच्या ध्यानात येत नाही. कोपऱ्याने घोटा धरला तरी तेवढ्याने पकड होत नाही. शेजारचा इन किंवा कव्हर तत्क्षणी आडवा येऊन वाट बंद करतो, तेव्हाच चढाईपटू थांबतो. वहीत मात्र पकडीचा गुण एकाच्याच नावावर मांडला जातो. आडवा येणाऱ्याला तेवढेही नाही.

हा खेळ मूळचा आपल्या मातीतला. महाराष्ट्रात त्याला हुतूतू म्हणत. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत त्याचे नियम महाराष्ट्रातील मंडळींनी बांधले. १९२३ साली बडोद्यास त्या नियमांनुसार सामने झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी हयातभर या खेळाचा प्रसार केला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डी दाखल झाली आणि तेथून २०१४ पर्यंत ओळीने सात सुवर्णपदके भारतीय पुरुषांनी जिंकली.

या सगळ्या काळात कबड्डीपटूचे पोट कशावर चालत असे? खेळावर नव्हे, नोकरीवर. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांसारख्या संस्था चांगल्या खेळाडूंना आपल्याकडे घेत. खेळाडू सकाळ-संध्याकाळ सराव करी, संस्थेचा गणवेश घालून स्पर्धांत उतरे, आणि गुडघे थकल्यावर त्याच संस्थेत टेबलाशी बसून निवृत्तीपर्यंत काम करी. त्यात पैसा बेताचा होता, कीर्ती गावापुरती होती. परंतु चाळिशीनंतरही चूल पेटत असे. त्या व्यवस्थेला आज कोणी नावाजत नाही. माझ्या मते तिने जितकी कुटुंबे सावरली, तितकी पदकांनी सावरली नाहीत.

२०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि चित्र पालटले. त्या पहिल्या वर्षी सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमार याची बोली १२ लाख ८० हजारांची होती. चारच वर्षांत, २०१८ च्या मे महिन्यात, बोली प्रथमच एक कोटीवर पोहोचली. कोणासाठी म्हणाल? चढाईपटूसाठी नव्हे! फझल अत्राचली या इराणी खेळाडूसाठी मुंबईच्या यू मुंबा संघाने एक कोटी मोजले, आणि तो होता डाव्या कोपऱ्याचा गडी. त्याच लिलावात पुढे मोनू गोयत या चढाईपटूने १ कोटी ५१ लाखांची मजल मारली हे खरे. परंतु कोटीचा उंबरठा आधी ओलांडला तो कोपऱ्याने. आमच्या नववीच्या पैलवानाला मी हे सांगितले, तेव्हा त्याने प्रथमच मान वर केली.

हा फझल इराणच्या गोलेस्तान प्रांतातला, गोंबद-ए-कावुस गावचा. तिकडे कुस्तीची मोठी परंपरा आहे, आणि इराणी बचावात कुस्तीचे डाव स्पष्ट दिसतात. २०१५ साली तो यू मुंबाकडून विजेतेपद मिळविणाऱ्या संघात होता, २०१६ साली पाटण्याच्या. २०२२ साली पुणेरी पलटणकडून खेळताना लीगमध्ये चारशे पकडगुण मिळविणारा तो पहिला खेळाडू ठरला. चारशे पकडी म्हणजे किती वेळा वाट पाहणे, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आता आपल्या माणसाकडे वळू. ठाणे जिल्ह्यातील कल्याणचा गिरीश मारुती एरनाक हाही डाव्या कोपऱ्याचाच. २०१८ च्या जानेवारीत हैदराबादेस महाराष्ट्राने बऱ्याच वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, अंतिम सामन्यात सेनादलावर ३४ विरुद्ध २९ अशी मात केली. त्या संघाचा कर्णधार रिशांक देवाडिगा हा चढाईपटू होता आणि बचावाच्या फळीत गिरीश होता. त्याच वर्षी पुणेरी पलटणने त्याला कर्णधार नेमले. कोपऱ्याचा गडी कर्णधार झाला, यात नवल नाही. मैदान सर्वांत मागून तोच पाहतो.

परंतु त्या वर्षाने गिरीशला एक कडू घासही दिला. ऑगस्टमध्ये जकार्ता येथे आशियाई स्पर्धा झाल्या. भारतीय संघात तो होता. उपांत्य सामन्यात गाठ पडली इराणशी, म्हणजे फझलच्या संघाशी. ज्यांना आपण हा खेळ शिकविला त्यांनीच २७ विरुद्ध १८ अशी मात केली, आणि १९९० पासून जपलेले सुवर्णपदक हातचे गेले. भारताला कांस्य मिळाले. त्या सामन्यात भारताच्या नामवंत चढाईपटूंना इराणच्या साखळीने एकामागून एक धरले. चढाईवर जगणाऱ्या संघाला बचावाने कसे निरुत्तर करता येते, याचा पाठ म्हणून तो सामना पाहण्यासारखा आहे. पाच वर्षांनी हांगझोऊ येथे भारताने इराणला ३३ विरुद्ध २९ असे हरवून पदक परत आणले.

२०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने दुसरा एक इराणी डावा कोपरा, मोहम्मदरेझा शादलू, याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस हा संघ प्रथमच विजेता झाला. त्याचे प्रशिक्षक बी. सी. रमेश हे आपल्या कर्नाटकाचे, अर्जुन पुरस्काराचे मानकरी. कर्णधार अस्लम इनामदार महाराष्ट्राचा. कोपरा राखणारा इराणचा. रामनगरहून खानापूर-बेळगावमार्गे पुढे गेले म्हणजे चंदगड तालुका लागतो. तेथील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१९ साली १ कोटी ४५ लाखांना घेतला गेला, हे आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. तो चढाईपटू. त्याच्या मागे त्या संघाचा कोपरा कोण राखीत होता, असे मी वर्गात विचारले. एकालाही सांगता आले नाही.

कबड्डीत निदान पकडीचा गुण तरी असतो. ज्या खेळात रक्षकाच्या नावावर आयुष्यभरात सहसा एकही गुण लिहिला जात नाही, असाही एक धंदेवाईक खेळ जगात आहे, आणि त्यातून आपल्या विषयावर चांगलाच प्रकाश पडतो. तो म्हणजे अमेरिकन फुटबॉल. नावात फुटबॉल असले तरी चेंडू लंबगोल असतो आणि बहुतेक वेळ हातात असतो. अकरा जणांच्या संघातील एक जण, ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात, तो चेंडू फेकतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना गार्ड, टोकांना टॅकल. आजकाल यांतील प्रत्येकाचे वजन १३५ किलोंच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. सेंटर आपल्या पायांमधून चेंडू मागे देतो आणि त्या क्षणापासून या पाचांचे काम एकच: धावून येणाऱ्यांना दोन-चार सेकंद थोपवून धरणे. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांना सामान्यतः परवानगी नसते. पंच ध्वनिक्षेपकावरून त्यांचा क्रमांक पुकारतो तो बहुधा त्यांच्या हातून नियमभंग झाला म्हणजेच!

अशा माणसाला किंमत कोण देणार? तीही आली, पण एका अपघातानंतर कळली. १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टन संघाचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याला न्यूयॉर्कच्या लॉरेन्स टेलरने असे खाली आणले की त्याचा पाय मोडला आणि तो पुन्हा कधी खेळला नाही. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्याची पाठ डाव्या बाजूस वळलेली असते. तिकडून येणारा त्याला दिसत नाही. ती बाजू राखणारा म्हणजे डावा टॅकल. पुढे १९९३ पासून खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक मिळाली आणि या डाव्या टॅकलचे वेतन झपाट्याने वाढले. सिनसिनाटीचा अँथनी मुन्योझ हा या जागेचा आदर्श मानला जातो. १९८० ते १९९२ अशी तेरा वर्षे त्याने ती बाजू राखली. तिकडेही डावा टॅकल आणि इकडेही डावा कोपरा, हा योगायोगच. पण मजेचा आहे.

मात्र या धंद्याची दुसरी बाजू तुमच्यापासून लपविणे मला योग्य वाटत नाही. पिट्सबर्ग संघाचा सेंटर माइक वेबस्टर १९७४ पासून सतरा हंगाम खेळला. चार अजिंक्यपदांत त्याचा वाटा होता. प्रत्येक डावात त्याचे डोके समोरच्याच्या डोक्याशी भिडत असे. निवृत्तीनंतर त्याची स्मृती ढासळली, पैसा गेला, घर सुटले. कित्येक रात्री तो आपल्या गाडीत झोपे. २००२ साली पन्नासाव्या वर्षी त्याचा अंत झाला. बेनेट ओमालू या मूळच्या नायजेरियन डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वारंवार बसलेल्या आघातांनी झालेला विकार त्यात आढळला. लीग ही गोष्ट बरीच वर्षे मानावयास तयार नव्हती. २०१६ साली तिच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे खेळाचा आणि या विकाराचा संबंध कबूल केला.

बाल्टिमोर संघाचा गार्ड जॉन अर्शल याने यातून वेगळी वाट काढली. तो खेळत असतानाच मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविद्या संस्थेत गणिताचा अभ्यास करीत होता. २०१७ च्या जुलैत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मेंदूच्या विकारावरील एक मोठा शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावर दोनच दिवसांत त्याने खेळाचा निरोप घेतला. २०२१ साली त्याला गणितातील डॉक्टरेट मिळाली आणि नंतर तो त्याच संस्थेत अध्यापक झाला. ज्याच्या अंगात सव्वाशे-दीडशे किलोंच्या माणसाला थोपविण्याचे बळ होते, त्याने ते अजून शिल्लक असताना खाली ठेवले.

कबड्डीत डोक्यावर तसे आघात वारंवार होत नाहीत. लीगमध्ये वजनाचीही मर्यादा आहे, पुरुषांना ८५ किलोंची. त्यामुळे अमेरिकन रक्षक वजन वाढविण्यासाठी खातो, तर आपला कोपरा सामन्यापूर्वी वजन तोलून जेवतो. तोंड दाबणे, गळा आवळणे, पायांची कैची घालणे यांना नियमाने बंदी आहे, आणि ती कसोशीने पाळली पाहिजे. तरी कोपऱ्याचा गुडघा, खांदा व मान यांवर ताण येतोच. घोटा धरून पडलेल्याच्या अंगावर पाठोपाठ चार जण कोसळतात. शिवाय आपण मातीवर शिकतो आणि मोठे सामने मॅटवर होतात. मातीवर पाय घसरतो आणि त्यामुळे कधी कधी वाचतो; मॅटवर बुटाचा तळ घट्ट धरला जातो, शरीर वळते आणि गुडघा मागे राहतो. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला तर शस्त्रक्रिया व विश्रांती यांत एक हंगाम सहज जातो, आणि ज्याची उमेदच दहा-बारा हंगामांची, त्याला एक हंगाम म्हणजे फार झाले.

पालकांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा. लीगचा करार काही महिन्यांच्या खेळाचा असतो. पुढल्या लिलावात हाक येईलच असे नाही. कोटीचे आकडे वर्तमानपत्रात छापून येतात. ज्याला कोणी बोली लावली नाही त्याचे नाव छापून येत नाही. त्यामुळे आजही जाणते खेळाडू रेल्वेची, पोलिसांची वा एखाद्या कंपनीची नोकरी सहसा सोडीत नाहीत, आणि त्या नोकरीसाठी लागणारी परीक्षा उत्तीर्ण झालेलीच असावी लागते. मुलींच्या पालकांनाही हे लागू आहे. महिलांचे मैदान मात्र १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. २०१२ साली पाटण्यास झालेला पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा कर्णधार होती कारकळची ममता पुजारी, म्हणजे आपल्याच राज्याच्या किनारपट्टीवरची. ती रेल्वेच्या नोकरीत होती. त्या संघातील महाराष्ट्राच्या तिघींना, अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के व दीपिका जोसेफ यांना, त्यांच्या राज्य सरकारने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले.

असो. त्या नववीच्या मुलाला मी एवढे सगळे सांगितले नव्हते. फझलची बोली, जकार्त्याचा सामना आणि वेबस्टरची हकिकत, एवढेच सांगितले. शेवटची ऐकताना त्याचा चेहरा उतरला, आणि मी ती सांगितली याचे मला वाईट वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला तो न सांगता डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. पहिल्याच चढाईला त्याने घाईने झेप घेतली, चढाईपटूने पाय उचलला, आणि हा तोंडघशी पडला. सगळे हसले. तो उठला, तोंडातली माती थुंकली आणि मला विचारू लागला, "गुरुजी, त्याने पाय टाकायच्या आधी तो टाकणार हे कळायचे कसे?"

मी शिट्टी वाजविली आणि त्याच चढाईपटूला पुन्हा पाठविले.